लिस्बनच्या तास्का : गल्लीतल्या खाणावळींचे एक परीक्षण

परदेशी राहायला गेलेल्या मराठी माणसाची तिथल्या जेवणाशी ओळख बहुधा चुकीच्या दारातून होते. आधी तो मित्रांनी पाठवलेल्या यादीतली प्रसिद्ध ठिकाणे गाठतो, रांगेत उभा राहतो, फोटो काढतो, मग ‘यांच्या जेवणाला काही चव नाही’ असा शेरा मारतो आणि तूरडाळ मिळणारे दुकान शोधून आपल्या स्वयंपाकघरात परततो. लिस्बनमध्ये असे करणे म्हणजे हातचे घालवणे आहे. या शहरात दुपारी साडेबारा ते अडीच या वेळात, पर्यटकांच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत जे जेवण मिळते, ते लसूण, कोथिंबीर, मासळी, भात आणि बटाटा यांच्या जोरावर उभे आहे, आणि कोकण-गोव्याच्या जेवणावर वाढलेल्या माणसाला त्यातले निम्मे तरी पहिल्याच घासाला ओळखीचे वाटावे. उरलेले निम्मे शिकावे लागते. ते शिकण्यासारखे आहे, असे माझे मत आहे. मात्र त्यात काही गोष्टी खरोखरच खटकतात, आणि त्याही इथे सांगणार आहे.

तास्का म्हणजे छोटी, बहुतेक वेळा एकाच कुटुंबाने चालवलेली खाणावळ. मी ग्रासा टेकडीवर राहते. २८ क्रमांकाची पिवळी ट्राम ज्या रस्त्याने वर चढते, तिथे दिवसभर पर्यटकांची गर्दी असते. पण तो रस्ता सोडून आत वळले की अशा तीन-चार खाणावळी सहज सापडतात. माझ्या नेहमीच्या खाणावळीचे नाव देत नाही, कारण तिच्यात वेगळे असे काही नाही आणि तीच तिची खरी शिफारस आहे. आठ-दहा टेबले, भिंतीला कमरेपर्यंत लावलेल्या फरश्या, कोपऱ्यात उंचावर ठेवलेला आणि फुटबॉल असल्याखेरीज कोणीही न पाहणारा टीव्ही, स्टीलचा काउंटर, त्यावरच्या काचेच्या कपाटात तळणीचे पदार्थ, आणि टेबलावर कापडाऐवजी अंथरलेला पांढऱ्या कागदाचा ताव. जेवण संपले की मालक पेन काढतो आणि याच कागदाच्या कोपऱ्यावर हिशेब मांडतो : सूप, मासा, पाव, कॉफी, खाली एक आडवी रेघ आणि बेरीज. यंत्रातून रीतसर पावती नंतर निघतेच, पण गिऱ्हाईक आणि मालक यांचा विश्वास त्या तेलकट कोपऱ्यावर असतो.

एकट्याने राहणाऱ्यांसाठी या खाणावळींची एक मोठी सोय आहे. इथे एकट्याने जेवणे अजिबात विचित्र मानले जात नाही. रंगकाम करणारे कामगार, बँकेतले कारकून, शेजारच्या इमारतीत एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाई, असे सगळे आपापल्या टेबलावर एकटेच बसलेले असतात, आणि जागा कमी असली तर मालक तुम्हाला कोणाच्या तरी समोर बसवतो. चार-पाच वेळा गेलात की तुमची कॉफी न सांगता येऊ लागते.

पूर्वी लिस्बनमध्ये कोळसा आणि वाइन एकाच दुकानात विकली जाई. ही दुकाने बहुतांशी स्पेनच्या गालिसिया प्रांतातून पोटापाण्यासाठी आलेल्या माणसांची असत. कोळसा न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने एक पेला घ्यायचा, सोबत काहीतरी तळलेले तोंडात टाकायचे, अशा सवयीतून कित्येक खाणावळी आकाराला आल्या. पुढे देशाच्या उत्तरेकडून आणि अलेंतेजूच्या कोरडवाहू मैदानांतून शहरात आलेल्या कुटुंबांनी आपापल्या गावचे पदार्थ आणले. म्हणून दोन शेजारच्या तास्कांचे जेवणही सारखे नसते, आणि मालक कोणत्या गावचा आहे हे कळले की काय मागवावे हे निम्मे ठरते.

छापील मेन्यू असतो, पण तो वाचू नये. खरे जेवण दरवाज्याच्या काचेवर चिकटवलेल्या, हाताने लिहिलेल्या कागदावर असते. त्यावर त्या दिवशीचे चार-पाच पदार्थ आणि त्यांचे दर असतात. अक्षर बहुधा गिचमिड, अर्धे शब्द तोडलेले. हे पदार्थ सकाळी बाजारात काय मिळाले त्यावर ठरतात आणि दीड वाजेपर्यंत त्यांतले एक-दोन संपून त्यांवर काट मारली जाते. पर्यटकांच्या भागापासून दूर असलेल्या खाणावळीत एका ताटाला साधारण १० ते १३ युरो पडतात. त्यात मुख्य पदार्थ आणि त्याच्याबरोबरचा भात किंवा बटाटे येतात. काही ठिकाणी सूप, पेय आणि कॉफीही त्याच दरात धरलेली असते. बऱ्याच पदार्थांपुढे दोन दर दिसतील, एक पूर्ण ‘दोझ’चा आणि एक ‘मेया दोझ’चा, म्हणजे अर्ध्या वाढपाचा. एका माणसाने नेहमी अर्धेच मागवावे. पूर्ण वाढप दोन भुकेल्या माणसांना पुरते, आणि ताटात टाकून उठलात तर स्वयंपाकघरातून बाई बाहेर येऊन काही बिघडले होते का, असे काळजीने विचारते. तिला समजावण्यापेक्षा अर्धे मागवणे सोपे.

बसल्याबरोबर, काहीही न मागता, टेबलावर पावाची टोपली, ऑलिव्ह, लोण्याच्या छोट्या पुड्या आणि कधी ताज्या चीजचा गोल येऊन बसतो. याला ‘कुव्हेर’ म्हणतात आणि तो फुकट नसतो. प्रत्येक वस्तूचा दर मेन्यूत लिहिलेला असतो. नव्याने आलेल्या अनेक भारतीयांना बिल पाहिल्यावर ही फसवणूक वाटते, पण ती तशी नाही. पोर्तुगालमधील २०१५च्या कायद्यात स्पष्ट म्हटले आहे की गिऱ्हाइकाने न मागितलेल्या आणि न वापरलेल्या कोणत्याही पदार्थाचे पैसे लावता येत नाहीत, आणि त्यात या कुव्हेरचा नावानिशी उल्लेख आहे. नको असेल तर हात न लावता बाजूला सरकवावे. कोणी वाईट वाटून घेत नाही. माझा सल्ला मात्र ऑलिव्ह परत करावेत आणि पाव ठेवून घ्यावा असा आहे, कारण पुढे येणाऱ्या रश्शांना त्याची गरज पडते. पाव जाड कवचाचा, आत थोडा आंबटसर आणि चांगला चिवट असतो. हा पाव रस्सा शोषतो पण विरघळत नाही.

सूप कधीही टाळू नये. दोन-तीन युरोंना मिळणारी ही वाटी म्हणजे तास्काच्या स्वयंपाकाची परीक्षा असते. ‘काल्दू व्हेर्द’ हे मूळचे उत्तरेकडच्या मिन्यू प्रांतातले सूप सगळीकडे मिळते : उकडलेला बटाटा घोटून पातळ केलेला, त्यात केसासारखी बारीक चिरलेली गडद हिरवी पालेभाजी, वरून ऑलिव्ह तेल आणि डुकराच्या मांसाच्या सॉसेजची एक चकती. ती भाजी इतकी बारीक चिरणे हाताला सोपे नाही, म्हणून मंडईतल्या भाजीवाल्या हाताने फिरवायच्या यंत्रावर गिऱ्हाइकासमोर चिरून पिशवीत भरून देतात. चांगल्या सूपमध्ये भाजी शेवटच्या काही मिनिटांतच पडलेली असते, ती हिरवीगार राहते आणि दाताखाली जाणवते. पालेभाजी काळपट आणि लिबलिबीत झालेली असेल तर ते सूप सकाळपासून गॅसवर आहे असे समजावे, आणि बाकीच्या जेवणाचाही अंदाज त्यावरून घ्यावा.

मासळीच्या बाबतीत लिस्बन माणसाला बिघडवते. सोमवार सोडून. सोमवारी मंडईतली मासळीची दुकाने बहुधा बंद असतात, आणि त्या दिवशी ‘ताजा मासा’ म्हणून काय येते याची चौकशी न केलेली बरी. इतर दिवशी काचेवरच्या कागदावर ‘कारापाउ’ दिसला तर डोळे मिटून मागवावा. बोटाएवढे हे मासे पिठात घोळवून अख्खे तळतात आणि त्यांच्याबरोबर टोमॅटोचा भात देतात. हा भात मुद्दाम ओलसर, वाटीतून जवळजवळ ओघळेल असा ठेवतात. मोकळा झाला तर बिघडला म्हणायचे. मासा मिठाखेरीज कशात मुरवलेला नसतो. न हळद, न तिखट, न आगळ. पहिल्यांदा ते अपुरे वाटते. पण मासा सकाळचा असेल तर त्याचा गोडवा जिभेवर येतो, आणि काट्यांची सवय असलेल्या कोकणी माणसाला शेजारच्या जर्मन पाहुण्याकडे पाहून थोडा अभिमानही वाटतो. मालवणात तळलेल्या माशाला मसाल्याचे आवरण असते ते उगाच नव्हे, हे मान्य. पण त्यामुळे माशाची स्वतःची चव किती हे आपण क्वचित तपासतो, हेही मान्य करायला हवे.

बाकाल्याउ, म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा, हे मात्र कोडेच आहे. हा मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळत नाही. तो मुख्यत्वे नॉर्वे आणि आइसलंडकडून येतो, आणि तरीही तो या देशाचा राष्ट्रीय पदार्थ आहे. नाताळच्या आदल्या रात्री घरोघरी तो बटाटे, कोबी आणि अंड्यांबरोबर उकडून खातात. किराणा दुकानात त्याचे पाटीएवढे, त्रिकोणी, मिठाने पांढरे झालेले थर रचून ठेवलेले असतात, आणि दारातच येणारा वास सुक्या मासळीच्या बाजारात वाढलेल्याला माहेरचा वाटतो. शिजवण्यापूर्वी तो एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवतात. त्यानंतर तो सुका मासा राहत नाही : बोंबलासारखा चामट किंवा झणझणीत न होता त्याचे जाड, पांढरे, ओलसर पदर सुटतात. सुक्याचे कालवण डोक्यात ठेवून जाणाऱ्याची इथे निराशा होते. ज्याला सुरुवात करायची आहे त्याने ‘बाकाल्याउ आ ब्राश’ मागवावे. त्यात माशाचे तंतू, कांदा, काडीसारखे बारीक तळलेले बटाटे आणि शेवटच्या क्षणी फेटून घातलेली अंडी असतात. अंडे पूर्ण घट्ट न होता सगळ्याला धरून ठेवील इतकेच शिजलेले हवे. वर काळी ऑलिव्ह आणि पार्स्लीची पाने. हा पदार्थ कोरडा वाढला गेला तर तो आधी करून ठेवलेला आणि पुन्हा गरम केलेला असतो. माझ्या मते तास्काची खरी कसोटी सूपनंतर इथेच लागते, आणि निम्म्या ठिकाणी ती फसते.

आता तिसऱ्यांविषयी, म्हणजे शिंपल्यांविषयी, कारण या शहरात मला सर्वांत जास्त आनंद त्यांनी दिला आहे. ‘आमेइजुआश आ बुल्यांव पातू’ या लांबलचक नावाच्या पदार्थाला रायमुंदू आंतोनियू द बुल्यांव पातू (१८२८-१९१२) या खवय्या कवीचे नाव मिळाले आहे. कृती अशी : तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवून त्यांची वाळू काढायची. पसरट भांड्यात ऑलिव्ह तेल तापवून ठेचलेली लसूण टाकायची, ती तांबूस व्हायच्या आधीच तिसऱ्या टाकून झाकण ठेवायचे, शिंपा उघडल्या की मूठभर चिरलेली कोथिंबीर आणि लिंबू. काही जण थोडी पांढरी वाइन घालतात. खोबरे नाही, कोकम नाही, गरम मसाला नाही. भांडे टेबलावर येते तेव्हा कोथिंबिरीचा वास आधी पोचतो, आणि युरोपात राहणाऱ्या मराठी माणसाला त्या वासाचे मोल वेगळे सांगायला नको. या खंडातल्या बहुतेक देशांच्या पारंपरिक स्वयंपाकात कोथिंबिरीला फारशी जागा नाही, पण पोर्तुगालच्या दक्षिण अर्ध्यात तिच्यावाचून पान हलत नाही. मंडईत तिच्या जुड्या मिळतात, काड्या-मुळांसकट. तिसऱ्या हातानेच खायच्या : रिकाम्या शिंपीचा चिमटा करून पुढची उघडायची, आणि सगळ्या संपल्या की खाली उरलेले हिरवट, खारट, लसणीचे पाणी त्या चिवट पावाने टिपत राहायचे. पदार्थ आधी चाखायला म्हणून मागवतात आणि दुपारच्या ताटापेक्षा महाग पडतो. शिवाय सर्वांत स्वस्त तास्कांत तो नसतो. तरीही महिन्यातून एकदा हा खर्च करावा. एका ठिकाणी, ज्याचे नाव घेत नाही, मला बंद राहिलेल्या शिंपांनी अर्धे भांडे भरून आणून दिले होते. न उघडलेली शिंपी खाऊ नये हा नियम तिथेही तोच आहे. मी भांडे परत केले आणि कुरकुर न करता त्यांनी ते बिलातून काढले.

कोथिंबीर आणि लसूण यांचा दुसरा मोठा पदार्थ म्हणजे अलेंतेजूची ‘आसोर्दा’. खलबत्त्यात लसूण, जाडे मीठ आणि कोथिंबीर कुटायची, त्यावर ऑलिव्ह तेल आणि उकळते पाणी ओतायचे, त्यात शिळ्या पावाचे तुकडे टाकायचे आणि वर पाण्यात अलगद शिजवलेले अंडे सोडायचे. शेतावर राबणाऱ्या गरिबांचे हे जेवण. मालक अलेंतेजूचा असेल तरच मागवावे. खाताना थोडी मिरची असती तर, असे मनात येतेच, आणि तशी सोय आहे. जवळजवळ प्रत्येक तास्कात मागितल्यास ‘पिरी-पिरी’ची बाटली मिळते : तेलात मुरवलेल्या बारीक मिरच्या. मागण्यात संकोच करू नये. मात्र ती सगळ्यावर ओतण्याआधी दोन घास तसेच खावेत. मालकाच्या भावना सांभाळण्यासाठी हे सांगत नाही, तर ऑलिव्ह तेलाची चव मिरचीखाली लगेच बुडते म्हणून.

खटकणाऱ्या गोष्टींत पहिली म्हणजे भाजी. पोर्तुगीज माणूस भाजी सूपमध्ये खातो आणि मग ताटात तिची आठवण ठेवत नाही. मुख्य पदार्थाबरोबर भात आणि तळलेले बटाटे दोन्ही एकाच ताटात येतात, बाजूला लेट्यूसची दोन पाने आणि टोमॅटोच्या चकत्या. भाजी-आमटी-कोशिंबिरीची सवय असलेल्याला आठवड्याभरात याचा कंटाळा येतो. बटाट्यांऐवजी उकडलेली पालेभाजी मागता येते आणि बहुतेक ठिकाणी ती आनंदाने देतात. मीठही आपल्या मानाने जास्त असते, विशेषतः बाकाल्याउ नीट भिजवला नसेल तेव्हा.

शाकाहाऱ्यांची अडचण याहून मोठी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ‘मांस नको’ असे सांगितले तर ट्यूना येतो. ‘मासाही नको’ म्हटले तर सूपमध्ये सॉसेजची चकती नसते, पण सूप ज्या पाण्यात शिजले त्यात ती उकळलेली असू शकते. स्पष्ट विचारावे. जुन्या तास्कात हमखास मिळणारे शाकाहारी पदार्थ हाताच्या बोटांवर मोजावे एवढे : भाज्यांचे सूप, ताजे चीज, आम्लेट चालत असेल तर आम्लेट, आणि ‘पेशीन्यूश दा ओर्ता’. शेवटच्या पदार्थाच्या नावात मासा आहे पण ताटात नाही. ती पिठात बुडवून तळलेली अख्खी फरसबी असते, आणि गरम असताना उत्तम लागते. पोर्तुगालमध्ये २०१७ साली सार्वजनिक उपाहारगृहांत, म्हणजे शाळा, विद्यापीठे, रुग्णालये अशा ठिकाणी, शाकाहारी पदार्थ ठेवणे कायद्याने बंधनकारक झाले. पण तो नियम खासगी खाणावळींना लागू नाही. कांदा-लसणाचेही पथ्य असणाऱ्यांनी तास्काच्या वाटेला न जाणे बरे. त्यांच्यासाठी लुमियार भागातल्या राधाकृष्ण मंदिराच्या आवारातील शाकाहारी भोजनालय अधिक योग्य आहे. ते मंदिर मुख्यतः गुजराती हिंदूंनी उभारले. त्यांच्यातली अनेक कुटुंबे मोझांबिक १९७५ साली स्वतंत्र झाल्याच्या सुमारास तिथून लिस्बनला आली.

त्याच स्थलांतराची खूण प्रत्येक तास्काच्या काचेच्या कपाटात आहे. कोळंबीची अर्धवर्तुळाकार ‘रिसोइश’, बाकाल्याउचे लांबट वडे आणि त्यांच्या शेजारी, कोणालाही त्यात नवल न वाटता, त्रिकोणी ‘शामूसा’. गोवा आणि मोझांबिकमधून आलेल्या लोकांनी इथे रुजवलेला हा समोसा आपल्या पंजाबी समोशासारखा जाड नसतो. मुंबईत मोहल्ल्यात मिळणाऱ्या पट्टी समोशाच्या जवळचा, पातळ आणि कुरकुरीत, आत खिमा, कांदा आणि मसाला. काउंटरशी उभ्या राहिलेल्या पोलिसाने एका हातात बिअरचा लहान पेला आणि दुसऱ्या हातात समोसा धरलेला पाहणे ही लिस्बनमधली रोजची गोष्ट आहे. दुर्दैवाने अनेक ठिकाणी तो सकाळी तळून ठेवतात आणि दुपारी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून देतात, तेव्हा त्याची पार चिंधी होते. अकराच्या सुमारास जाऊन घ्यावा. काही तास्कांच्या रोजच्या यादीत कोळंबीचा किंवा कोंबडीचा ‘कारील’ही असतो. त्यात आपल्या रश्शाचा शोध घेऊ नये. तो दुधाळ, सौम्य आणि हळदीच्या अंगाने जाणारा असतो, आणि तो न मागवलेला चांगला.

ज्यांना गोव्याचे जेवण जवळचे आहे त्यांनी डिसेंबरात मादैराच्या माणसाची खाणावळ शोधावी. त्या बेटावर नाताळात डुकराचे मांस वाइनचे व्हिनेगर, लसूण आणि तमालपत्र यांत मुरवून तळतात. गोव्याच्या ‘विंदालू’चा हा पूर्वज आहे. १५१० ते १९६१ एवढा काळ पोर्तुगीज सत्तेखाली राहिलेल्या गोव्यात त्याच पदार्थात मिरच्या आणि आपले मसाले आले, आणि त्याचा अवतार पार बदलला. दोन्ही चाखले की गोव्याच्या स्वयंपाकिणींनी किती काम केले ते कळते. माझा कौल नि:संशय गोव्याला, पण मादैराचे मूळ चाखल्याशिवाय तो देणे बरोबर झाले नसते. लिस्बनमध्ये शागुती, सारापातेल आणि बेबिंका वाढणारी गोवेकरांची हॉटेलेही आहेत. त्यांचे परीक्षण स्वतंत्रपणे व्हायला हवे, एवढे ते जेवण मोठे आहे.

गोडाच्या बाबतीत तास्का साधी असते. ‘आरोश दोस’ म्हणजे दूध, साखर आणि लिंबाची साल घालून शिजवलेला गोड भात, थंड करून बशीत पसरलेला. त्याच्यावर दालचिनीची पूड चिमटीने सोडत चौकड्या, वेलबुट्ट्या, कधी गिऱ्हाइकाचे आद्याक्षर काढतात. बाई बोटांतून पूड सोडतात तेव्हा दिवाळीतल्या अंगणात रांगोळीचा ठिपका सोडल्यासारखा त्यांचा हात चालतो. वेलची-केशराची अपेक्षा न ठेवता खाल्ला तर तो फार चांगला लागतो. बाकी पुडिंगे आणि अंड्याच्या पिवळ्या बलकाचे गोड पदार्थ माझ्या जिभेला अती गोड वाटतात. मठांमध्ये अंड्याचा पांढरा भाग कपड्यांना खळ देण्यासाठी वापरला जाई आणि उरलेल्या बलकाची पक्वान्ने होत, असे त्यांचे मूळ सांगतात.

अपवाद ‘पॅश्टेल द नाता’चा, म्हणजे अंड्याच्या बलकाचे मिश्रण भरून भाजलेल्या कुरकुरीत वाटीचा. १८३४ साली पोर्तुगालमधले मठ बंद झाले, आणि लिस्बनच्याच बेलें भागातल्या जेरोनिमूश मठातली कृती शेजारच्या दुकानाकडे गेली. ‘पॅश्टेइश द बेलें’ हे दुकान १८३७पासून ती विकत आहे. प्रसिद्ध ठिकाणांपैकी जिथे जाच असे मी म्हणेन ते हे. बाहेरची लांब रांग बांधून नेणाऱ्यांची असते; आत निळ्या-पांढऱ्या फरश्यांच्या एकामागून एक खोल्या आहेत आणि तिथे बसायला बरेचदा लवकर जागा मिळते. वरचा थर काळसर डागांचा, कडा अशा कुरकुरीत की आवाज यावा, आणि आतले मिश्रण अजून कोमट. दालचिनी भुरभुरावी, साखर भुरभुरू नये.

याउलट ज्या हॉटेलाबाहेर माणूस मेन्यू घेऊन हाका मारतो, ज्याच्या पाटीवर पदार्थांचे फोटो आहेत आणि जे जानेवारीत ‘ताज्या भाजलेल्या सार्डिन’ची जाहिरात करते, तिथे पाय ठेवू नये. सार्डिनचा हंगाम उन्हाळ्याचा. जूनमध्ये ती चरबी धरते, आणि १२ जूनच्या रात्री, संत आंतोनियूच्या सणाला, आल्फामा आणि ग्रासाच्या गल्लीगल्लीत निखाऱ्यावर भाजली जाते. पावाच्या जाड कापावर ठेवून हाताने खातात, आणि माशाचे तेल जिरलेला तो पाव शेवटी खातात. हिवाळ्यात जी मिळते ती बर्फातली.

काही व्यवहाराच्या गोष्टी. लहान तास्कांत परदेशी कार्ड चालेलच असे नाही. अनेक ठिकाणी रोख किंवा ‘मुल्तीबांकू’ या स्थानिक व्यवस्थेचे कार्डच घेतात, तेव्हा खिशात वीस युरो असू द्यावेत. टीप सक्तीची नाही, सुटे नाणे ठेवले तरी पुरे. प्रत्येक खाणावळीत तक्रारवही ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि मागितल्यास ती द्यावीच लागते. बहुतेकदा ती मागण्याचा नुसता उल्लेखही पुरतो. कॉफी म्हणजे ‘बीका’, दोन घोटांची, कडक, साधारण एका युरोची. दुधाची हवी तर काचेच्या पेल्यातला ‘गालांव’. चहा मागू नये.

शेवटी, या खाणावळी मिळतील तेव्हा जेवून घ्याव्यात, कारण त्या कमी होत आहेत. २०१२मध्ये भाडेकायदा सैल झाल्यावर जुन्या भाड्यांचे संरक्षण संपत गेले, मधल्या भागातल्या कित्येक तास्कांच्या जागी पर्यटकांची दुकाने आणि रोजच्या भाड्याच्या खोल्या आल्या. महापालिकेने जुन्या दुकानांना मानाची पाटी आणि काही संरक्षण देणारी योजना आणली खरी, पण ती मुख्यतः नावाजलेल्या दुकानांच्या उपयोगी पडते. आठ टेबलांच्या, बिननावाच्या खाणावळीपर्यंत ती क्वचित पोचते. रविवारी बहुतेक तास्का बंद असतात आणि ऑगस्टमध्ये तर दोन-तीन आठवडे शटरवर सुट्टीचा कागद लागलेला असतो. त्या दिवसांत कोळशावर कोंबडी भाजणाऱ्या ‘शुराश्केइरा’त जावे : अर्धी कोंबडी, पिरी-पिरी जास्त लावायला सांगून, सोबत कोशिंबीर, आणि बारा वाजायच्या आत, कारण रविवारी त्या रांगेत अख्खा मोहल्ला उभा असतो.